सव्वा मूठ

पडद्यावरचे ठिपके धुरपदाबाईला आधी तीळच वाटले. पांढऱ्या फडक्यावर कोणी मूठभर तीळ फेकावेत आणि गोळा करायला विसरावं, तसे. मांडीवर गव्हाचं सूप होतं, बोटं आपसूक खडे शोधत होती, आणि शेजारी भिंतीला पाठ टेकून, लॅपटॉप पोटाशी धरून नात बसली होती. मयुरी. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकणारी, जिच्या अभ्यासाचं नाव घरात कोणाला धड घेता येत नाही अशी. श्रावणातला शनिवार. उद्या घरात कानबाई देवी बसायची होती, नारळाला नथ घालून, साडी नेसवून, या जळगावच्या तिसऱ्या मजल्यावर, कारण नरडाण्याकडचं गावातलं घर आता कुलपात होतं. आज तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजून दळायचे होते. पण धुळ्याहून जाऊ मंजुळा येईपर्यंत मोजायला हात लावायचा नव्हता. भाऊबंदांतलं एक माणूस समोर लागतं, हा धुरपदाबाईचाच नेम. तोवर खडे वेचणं. गहू तसा निवडलेलाच होता, दुकानातून आलेला, पण दुकानदाराच्या निवडण्यावर विसंबून कानबाईचा रोट करणारी बाई अजून तिने पाहिली नव्हती.

“काय वं, तीळ सांडेल शेत का मशीनवर?”

“तीळ नाहीत गं आजी, देश आहेत. एक ठिपका म्हणजे एक देश.”

“बठ्ठा देश? येवढासा? मंग आपला कोन्ता?”

मयुरीने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. मग, आजीला सांगितल्याशिवाय ती गप्प बसू देणार नाही हे ओळखून, समजावत गेली. आडवं सरकत गेलं की बायकांना पुरुषांच्या बरोबरीने धरणारे देश लागतात. शाळा, नोकरी, राज्यकारभार, बाळंतपणातून जगणं, असं सगळं मिळून. आणि उभं वर चढत गेलं की जीव देणाऱ्या माणसांचं प्रमाण वाढत जातं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, ते शोधायचं. परीक्षेचा प्रकल्प होता तिचा.

“जीव देनारा बी मोजतस?”

“मोजतात ना.”

“मंग काय निंघनं?”

“सरळ रेघ निघत नाही, हेच निघालं. जवळजवळ सगळीकडे बायकांपेक्षा पुरुष जास्त जातात. बरोबरीच्या देशांतसुद्धा माणसं जातात, काही ठिकाणी खूप जातात. पण बरोबरी जितकी कमी, तितका बायकांचा आकडा पुरुषांच्या जवळ सरकतो, असं माझ्या आलेखात तरी दिसतंय. सर म्हणतात, घाई करू नकोस.”

“म्हंजे सारखं धरं तरी मानसं मरतस, नही धरं तरी मरतस. तुना सरले म्हना, येवढा करता लाइट जाळानी काय गरज व्हती?” धुरपदाबाई हसली, मयुरीही हसली, आणि त्याच हसण्याच्या शेपटाला धरून धुरपदाबाईच्या तोंडातून ते निघून गेलं. तिने काढलं नव्हतं. जिभेला तिने आयुष्यभर हवं तसं चालवलं होतं, जावांवर, सुनांवर, तलाठ्यावर, बस कंडक्टरवर. जीभ तिला न विचारता चालली ती या एकाच वेळी.

“यामा मनी रूपा शे का?”

मयुरीचं बोट ठिपक्यावरच राहिलं. “रूपाआत्या?” तिने आजीकडे बघितलं, मग पडद्याकडे, जणू तिथे विचारायचं. “पण आत्याचा तर पाय घसरला होता ना? अपघात लिहिला असेल, तर नाही आजी. ती मग दुसऱ्या खान्यात जाते.” आणि हळूच पुढे म्हणाली, “म्हणून तर मला खालच्या ठिपक्यांचा भरवसा वाटत नाही. जिथे बायकांचं मरण कोणी नीट लिहीतच नाही, तिथला ठिपका खाली बसतो. आणि खाली बसलेला ठिपका सुखी दिसतो.” मग तिचा फोन वाजला आणि ती कानाला लावून गॅलरीत गेली. लॅपटॉप सतरंजीवर उघडाच राहिला. थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा झाला आणि त्यात धुरपदाबाईला सूप दिसलं, आपले हात दिसले, आणि हातांच्या वर कपाळावरचं गोंदण.

पाय घसरला. हे दोन शब्द शिरपूरहून, रूपाच्या सासरहून, फोनवर आले होते, गावातल्या पाटलांच्या घरच्या फोनवर, आणि पाटलांच्या पडवीतून आपल्या ओट्यापर्यंत येता येता ते धुरपदाबाईच्याच तोंडचे झाले होते. जो भेटायला आला त्याला तिने तेच सांगितलं. पाय घसरला. इतक्या वेळा सांगितलं की शब्दांना पायरीच्या दगडासारखी गुळगुळीत चकाकी आली. पण त्या प्रत्येक वेळी पोटात एक राग उठायचा, आणि तो शिरपूरकरांवर नसायचा. तो त्या शब्दांवरच असायचा. कारण रूपाचे पाय! मांजरीने हेवा करावा असे पाय होते तिचे. घरावरच्या मातीच्या धाब्याच्या काठावरून चालायची, शेणाने सारवलेल्या ओल्या अंगणातून डोक्यावर हंडा घेऊन पळायची, आणि आखाजीला, अक्षय तृतीयेला, निंबाला झोका बांधला की त्यावर बसणं तिला ठाऊकच नव्हतं, उभी राहायची, गुडघे वाकवून असा हेलकावा घ्यायची की पैंजण फांदीतल्या पानांना लागायचे आणि खाली बायका ओरडायच्या, “अव धुरपदा, तुनी आंडेर पडी जाई!” आणि धुरपदाबाई लेकीकडे बघत तोऱ्यात म्हणायची, “मनी आंडेर पडत नही.” त्या पायांना घसरले म्हणायचं. पोर तर गेलीच, वर तिच्या पायांना नाव ठेवलं.

एक आखाजी मात्र वेगळी गेली होती. शेवटची. खानदेशात सासुरवाशिणी आखाजीला माहेरी येतात तशी रूपा आली, आणली तेव्हा हसत होती, आंब्याच्या रसाची पातेली चाटूनपुसून खाल्ली, घोंगडीवर आडवी झाली, पाळण्यातल्या मयुरीच्या तळपायांना फुंकर घालत बसली. आणि संध्याकाळी झोक्यावर बसली. उभी नाही राहिली. बसली, एक पाय जमिनीला टेकवून, नुसती थोडी मागे, थोडी पुढे. धुरपदाबाई ओट्यावरून म्हणाली, “काय वं, आज चढत नही का?” “पाय दुखतस माय,” रूपा म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात काय होतं, ते धुरपदाबाई इतकी वर्षं उलटून पालटून बघत आली आहे, धान्यासारखं, खडा सापडतो का म्हणून. खडा सापडत नाही. सापडला असता तर बरं झालं असतं. शिरपूरची माणसं वाईट असती तर फार बरं झालं असतं. शिव्या द्यायला धुरपदाबाईसारखी बाई तयार होती, तिला फक्त एक माणूस हवा होता. पण जावई हात उचलणारा नव्हता, सासू सणाला चांगलं लुगडं पाठवायची, व्याही कमी बोलायचा. रूपाला बारावीनंतर धुळ्याला शिकायला राहायचं होतं, ते राहिलं. पण राहून गेलेल्या गोष्टींनी माणसं मरत असती तर खानदेशात एक बाई उरली नसती. मग काय? कोणाला विचारायचं? जिला विचारायचं तिच्याबद्दल बोलायचं तर आधी तो घसरलेला पाय परत जागेवर ठेवावा लागला असता, आणि ते कोण करणार.

आणि रूपा गेल्यावर त्याच सालच्या श्रावणात रोट झाला होता. लग्न झालेल्या पोरीचं सुतक आईबापाला थोडंच; ते केव्हाच फिटलं होतं. सासू गेल्यापासून मोजायचा मान धुरपदाबाईचा. घरातल्या आणि भावकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू घमेल्यात सोडायचे, मग तशीच हरभऱ्याची डाळ. पोरगा जन्मला की एक वाढायची, बाप्या गेला की एक कमी व्हायची. बायकांची मूठ नाही. पोरी परक्या घरी जायच्या, सुना परक्या घरून आलेल्या, कानबाई स्वतः बाई असली तरी तिचा हिशोब असाच चालत आला होता. धुरपदाबाईने तो कधी वाकू दिला नाही. मयुरी रांगायला लागली तेव्हा सून रत्ना एकदा भीत भीत म्हणाली, “आई, एक मूठ मयुरीनी बी घालूत का?” तर धुरपदाबाईने तिला सगळ्या बायकांत सुनावलं होतं, “कानबाईले तू नवा कायदा शिकाडशी का?” रत्नाने परत तोंड उघडलं नाही. पण त्याच्याही आधी, फार आधी, एका रोटाला, रूपा परकरात होती, तिने पळत येऊन घमेल्यात हात घातला होता. कोपरापर्यंत. “मनी मूठ कोठे शे?” धुरपदाबाईने हात बाहेर ओढला, बोटांच्या बेचक्यांत अडकलेले दाणे झटकून घेतले. “पोरीस्नी मूठ नही ऱ्हास.” “कसाले?” “नही ऱ्हास म्हंजे नही ऱ्हास.” रूपा हसत निघून गेली होती. तेव्हाही हसतच.

रूपा गेली त्या वर्षी मोजून झालं, दळून झालं, रोटाचं पीठ नेहमीच्या पितळी डब्यात भरलं आणि झाकण बसलं. दरसालसारखं बसलं, खट् आवाज करून. धुरपदाबाई झाकणावर हात ठेवून बसून राहिली होती. भावकीतला शालिग्राम गेला तेव्हा असं झालं नव्हतं. शालिग्रामनेही आपला जीव आपल्या हातानेच दिला, ते सगळ्या गावाने उघड म्हटलं, पुरुषाच्या बाबतीत कोणी पाय घसरवला नाही. आणि त्याच्या नावाची मूठ दरसाल पडत होती, अगदी तो गेला त्याच्या आदल्या श्रावणातही. त्या मुठीने त्याला काही अडवलं नाही. मयुरी म्हणते ते खरं असेल मग, सारखं धरलं तरी माणसं जातात. पण पुढच्या रोटाला त्याच्या नावापाशी धुरपदाबाईचा हात थांबला होता. सगळ्या बायका थांबल्या होत्या. पीठ तेवढं कमी भरलं आणि ते कमी भरलेलं सगळ्यांना दिसलं, कोणीतरी डोळ्याला पदरही लावला. रूपा गेली तेव्हा हात कुठे थांबणार? तिचं नाव ओळीत कधी आलंच नव्हतं. तिच्या जाण्याने रोटातला एक दाणा हलला नाही. मयुरीच्या मशीनवरचा ठिपकाही हलला नाही. दोन्हीकडे ती नाही. म्हणजे मग ती होती कुठे, तिने झोक्यावरून पानांना लावलेले पैंजण कुठे गेले. या विचाराने धुरपदाबाईला तहान लागली, आणि ती पाण्याची तहान नव्हती.

मंजुळा आली ती जिना चढून धापा टाकत आणि बोलत. “लिफ्ट बंद शे का व्हई? अक्का, तुम्हना जयगावमा मानूस वर येता येताच देवले भेटी जाई.” आल्या आल्या तिने पिशवीतून गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, काढलं, धुळ्याचं गंगाफळ जळगावात मिळत नाही असं सांगितलं, रत्नाच्या हातचं पाणी प्यायली आणि बातमी सोडली. तिच्या मुलाच्या, प्रेमराजच्या, बायकोला दिवस गेले होते, आणि मुलगाच होणार याची तिला खात्री होती. “आते व्हई आंडोर. मना जीव सांगस.”

“तुना जीवले सोनोग्राफी दिशे का?” धुरपदाबाई म्हणाली. मंजुळा खो खो हसली. रत्नाही ओट्याशी हसली. मयुरी गॅलरीतून आत येऊन दाराला टेकून उभी राहिली. सगळं नेहमीसारखं होतं. धुरपदाबाईने हात धुतले, घमेलं पुढे ओढलं, हळदकुंकू वाहिलं आणि मोजायला बसली.

“रतिलाल,” ती म्हणाली आणि सव्वा मूठ सोडली. रतिलाल मंजुळाचा नवरा, आता भावकीत थोरला. “योगराज.” धुरपदाबाईचा मुलगा, मयुरीचा बाप. “प्रेमराज.” नावं येत गेली, गहू पडत गेले, मुठीमागून वरचा पाव घ्यायला तीन बोटं वाकत गेली. या कामात तिच्या हाताला एक लय होती, त्या लयीत तिला नेहमी बरं वाटायचं, आपल्या हाताखालून अख्खं कुळ चाललंय असं. आज लय होती, पण हात आपला नव्हता. शेवटचं नाव झालं. मंजुळाने “झायं” म्हणून पदर सावरला. आणि धुरपदाबाईचा हात पुन्हा सुपात गेला, मूठ भरली, वर आली, घमेल्यावर थांबली. नाव काही आलं नाही. मूठ उघडली. गहू पडले. मागून तीन बोटांनी पाव घेतला आणि तोही सोडला.

घमेल्यात पडलेला दाणा परत काढत नाहीत. हे मंजुळाला माहीत होतं, रत्नाला माहीत होतं, आणि हे सगळ्यांना शिकवणारी स्वतः धुरपदाबाईच होती.

“अक्का,” मंजुळा म्हणाली, “ही कोनी मूठ?”

धुरपदाबाई आपल्या तळव्याकडे बघत राहिली. मग मंजुळाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं, ती पुढे सरकली, जावेच्या गुडघ्यावर थाप मारली. “समजनं माले! प्रेमराजना घर जो येई, त्यानी शे ना? अव अक्का, तुम्ही बी ना! तोंडवर माले बोलनात आनि मनमा त्यानीच मूठ धरी बसनात!” तिचे डोळे खरोखर भरून आले.

किती सोपं होतं. मान हलवायची, बस. न जन्मलेल्याची मूठ कोणी घालत नाही, पण या चुकीला कोणी चूक म्हटलं नसतं; उद्या सगळ्या भावकीत गोड होऊन फिरली असती, म्हातारी तोंडाने फटकळ पण पोटात माया. मंजुळाने आयुष्यभर ही गोष्ट सांगितली असती. आणि ती मूठ, जिला नाव नव्हतं, तिला नाव मिळालं असतं, आणि रूपा पुन्हा एकदा, पोटात असलेल्या कोणासाठी, हसत बाजूला झाली असती. धुरपदाबाईला ते हसणं दिसलं. एक पाय जमिनीला टेकवून. पाय दुखतस माय.

“रूपानी शे,” ती म्हणाली.

“कोनी?”

“मनी रूपानी.”

मंजुळाचा हात गुडघ्यावरून निघाला. तिने रत्नाकडे बघितलं, मग आवाज उतरवून, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, “अक्का, आसं नही करतस. मरेल मानूसनी मूठ घालतस का? तेबी पोरनी? कानबाई कोप करी. बिचारीना पाय घसरना, तिनं नशीब. आते...”

“जो जन्मेल नही त्यानी मूठ तुले चालस,” धुरपदाबाई म्हणाली, “आनि जी मना पोटमातीन जन्मनी, तिनी चालत नही?” आवाज तिचाच होता, जुना, धारेचा, आणि मंजुळा सवयीने मागे सरकली. पण पुढचं वाक्य त्या आवाजात निघेना. ते खाली बघत, गव्हाला सांगितल्यासारखं निघालं. “आनि तिना पाय नही घसरना व्हता, मंजुळा. तिना पाय कधीच नही घसरना.”

रत्नाने ओट्यावरचा गॅस बंद केला. का बंद केला हे तिलाही ठाऊक नसावं. मंजुळाने पदराचं टोक हातात घेऊन ते उगीच पिळायला सुरुवात केली, आणि धुरपदाबाईला कळलं की हिला ठाऊक होतं. हिला, सगळ्यांना, धुळ्यापासून शिरपूरपर्यंत. फक्त म्हणायला कोणी म्हणत नव्हतं, तिच्यासाठी, तिच्या तोऱ्यासाठी. “मना झोकावर बी ती उभीच ऱ्हाये,” मंजुळा शेवटी म्हणाली. “धुळाले उनी व्हती ना एक साल. मी इतली घाबरनू, इतली घाबरनू.” आणि थांबली. इतकं बोलून तिने घमेलं हळूच जावेकडे सरकवलं.

धुरपदाबाईने दाराकडे बघितलं. “ये वं मयुरी. आठे बस.” मयुरी येऊन बसली. “हात दे.” तिने नातीचं मनगट धरलं, आणि तो टाइप करणारा, मऊ, नखांना कसलासा निळा रंग लावलेला हात सुपात घातला. “मूठ भर. भरीसन भर. वर पाव ले.” मयुरीने मूठ भरली. बोटांच्या बेचक्यांतून दाणे डोकावत होते. धुरपदाबाई त्या बेचक्यांकडे बघत राहिली, आणि तिला परकरातली पोर दिसली आणि दिसली नाही, हात तोच होता आणि तो नव्हता, आणि तिला वाटलं आता आपण रडू; पण ती रडली नाही, कारण नाव घ्यायचं होतं आणि नाव रडक्या आवाजात घेत नाहीत.

“मयुरी,” ती म्हणाली. “सोड.”

गहू पडले. ओट्यापाशी रत्नाने तोंड भिंतीकडे केलं.

दुपारी घरघंटी घुमत राहिली. पीठ पडत होतं, पांढरं, उष्ण, घरभर त्याचा वास. धुरपदाबाई घरघंटीपाशीच बसून होती. तिने पिठात हात घातला, मनगटापर्यंत. अंगावर झोपलेल्या लेकराच्या पाठीसारखं ऊबदार होतं ते. योगराज कुठला, रतिलाल कुठला, रूपा कुठली, यातलं आता कोणाला निवडता आलं नसतं. कानबाईने सूप घेऊन बसायचं म्हटलं तरी तिलाही नाही. मयुरी बाजूला लॅपटॉप उघडून बसली होती, पण काही लिहीत नव्हती.

“आजी,” ती म्हणाली, “आत्या कशी होती?”

धुरपदाबाईने हात काढला नाही. किती वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. “ती उंच झोका ले,” ती म्हणाली. मग, “पैंजन पानस्ले लागेत.”

रत्नाने पितळी डबा आणला, पीठ भरलं, वरून थापटलं, पुन्हा भरलं. दोन मुठींचं पीठ असं कितीसं. पण ते काठाच्या वर आलं, मधोमध टेकाड होऊन राहिलं. तिने झाकण ठेवून बघितलं, फिरवून बघितलं.

“आई, झाकन बसत नही,” ती म्हणाली. “दाबू का?”

“नको,” धुरपदाबाई म्हणाली. “ऱ्हाऊ दे तसंच.”